कुट्टीच्या तोंडी कोणाचे हात?

शाळूची काढणी उरकून कणसे खुडली गेली की श्रीगोंदा तालुक्यात कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी भिजणाऱ्या गावांत उसाचे वाढे, मका आणि हत्तीगवत असते. जिथे कालव्याचे पाणी पोहोचले नाही तिथे सारी भिस्त कडब्यावर. पण वैरण कोणतीही असो, ती आता सबंध पेंढीने जनावरापुढे टाकली जात नाही. संकरित गाईंबरोबर गोठ्यात कुट्टी यंत्र आले. त्याने वैरणीची नासाडी थांबवली, धाटाचा खालचा जाड भागही गाईच्या पोटात जाऊ लागला आणि कोयत्याने वैरण तोडण्याचे तासन्तासांचे कष्ट वाचले. हे यंत्र नसते तर अवर्षणप्रवण तालुक्यातील दुधाचा धंदा आजच्या इतका उभा राहिला असता की नाही, याची शंकाच आहे. तेव्हा यंत्राला शिव्या घालण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, या यंत्राच्या तोंडी हात कोणाचा जातो आणि त्या हाताची किंमत कोण मोजतो.

यंत्राची रचना साधी आहे. तोंडाशी दातेरी रोलरची जोडी असते. ती वैरण आत खेचते आणि पलीकडे जड चाकावर बसवलेली पाती तिचे तुकडे करतात. अपघाताचे मूळ याच खेचण्यात आहे. वाढे ओले असले की तोंडाशी तुंबतात. मग हाताने रेटा द्यावा लागतो. रोलरने धाट पकडले तर ते सोडून हात मागे घेण्यास माणसाला क्षणभराचा अवधी लागतो. यंत्राला तेवढाही लागत नाही. बांगडी, पदर, हातमोजा यांपैकी काहीही अडकले तरी परिणाम तोच. त्यातून बटण बंद केले म्हणून चाक थांबत नाही, आपल्या वजनाच्या जोरावर ते काही वेळ फिरतच राहते. ‘बंद केले होते हो’ असे नंतर सांगितले जाते, आणि ते खरेही असते.

ट्रॅक्टरवर चालणारी मोठी यंत्रे आता मूरघासासाठी शेतोशेती फिरतात. त्यांचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावरचे आवरण निघालेले असेल तर उपरण्याचे टोक गुंडाळले जाण्यास पुरा एक सेकंदही लागत नाही.

‘लोक काळजी घेत नाहीत’ हे यावरचे ठरलेले उत्तर आहे. कृषी खात्याच्या पत्रकांत ते असते आणि यंत्र विकणाऱ्याच्या तोंडीही असते. हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते सारा दोष जखमीच्याच माथी मारते. पात्यावरचे झाकण शेतकरी काढून का ठेवतो, हे कोणी विचारत नाही. पाती वरचेवर काढून धार लावावी लागतात, अडकलेली वैरण उपसावी लागते आणि प्रत्येक वेळी पाना घेऊन चार नट खोलावे लागतात. चौथ्या खेपेला झाकण गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडते. यात बेफिकिरी किती आणि यंत्र घडवणाऱ्याचा आळस किती, याचा हिशेब झाला पाहिजे. बिजागरीवर उघडणारे आणि उघडताच वीज तोडणारे झाकण बसवणे हे काही आकाशातले तारे तोडण्यासारखे काम नव्हे.

दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील खेड्यांत या प्रश्नाचा अभ्यास केला, तेव्हा वैरण कापण्याच्या यंत्राने बोटे गमावणाऱ्यांत लहान मुलेही मोठ्या संख्येने आढळली. काही अपघात यंत्र कामात नसताना, मुले खेळत चाक फिरवीत असताना झाले होते. त्यांनी सुचवलेले उपाय गावच्या लोहारालाही करता येतील असे होते: पात्यांवर जाळी, काम संपल्यावर चाक जखडून ठेवणारी खीळ आणि रोलरच्या अलीकडे एक जादा रूळ, ज्याला हात लागताच धोका जाणवावा. उपदेशाने जे साधत नाही ते खिळीने साधते.

मळणी यंत्रांनी हरितक्रांतीच्या मुलखात हात तोडले, तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. मळणी यंत्राचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शेतीतील इतर यंत्रे अधिसूचनेद्वारे त्याखाली आणण्याची मुभाही आहे. यंत्र बनवणाऱ्याला परवाना, त्यावर देखरेख, जखमी मजुराला भरपाई, सारे काही कागदावर आले. चार दशके उलटल्यावर श्रीगोंद्याच्या किंवा काष्टीच्या बाजारात यंत्र घेणाऱ्या किती जणांना हा कायदा ठाऊक आहे?

कारखान्यातील यंत्राला कुंपण घालण्याचे तत्त्व आपल्या देशात १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याइतके जुने आहे. १९४८ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने ते पक्के केले. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात फिरत्या चाकाला आडोसा नसेल तर व्यवस्थापनाला जाब विचारता येतो. त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारा मजूर किंवा त्याच उसाचे वाढे कुट्टीत घालणारी बाई मात्र कुंपणाबाहेर. लोखंड तेच, वीज तीच, बोटेही तशीच. फरक फक्त छपराचा.

भरपाईच्या बाबतीत हाच भेद अधिक निर्दयपणे दिसतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के, दोन बोटे गेल्यास २० टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के घटली असे धरले होते. यांत्रिक शक्तीने होणाऱ्या शेतीतला मजूरही त्यात येत होता. आता तो विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. पण त्यासाठी कोणीतरी मालक असावा लागतो. घरच्या गोठ्यात राबणाऱ्या सुनेचा मालक कोण? तिला मजुरीच नाही, तर कमाई घटली कशी म्हणायची?

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. मृत्यूस किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, एक डोळा वा एक अवयव गेल्यास १ लाख. तिचा लाभ सातबाऱ्यावरच्या खातेदाराला आणि कुटुंबातील एका बिगरखातेदार सदस्याला मिळतो. भूमिहीन सालगड्याचे नाव सातबाऱ्यावर कोठून येणार? आणि दोन बोटे म्हणजे ‘अवयव’ की नव्हे, हा वाद जखमी माणसाने तालुक्याच्या कचेरीत उभे राहून घालावयाचा काय? अपघाती मृत्यूंची देशभर दरवर्षी मोजदाद होते. तुटलेली बोटे मात्र त्यात कोठेच नसतात.

मागण्या अवघड नाहीत. कुट्टी यंत्राला सरकार अनुदान देते. त्यासाठी बिल मागते, यंत्राचे छायाचित्र मागते. त्या छायाचित्रात पात्यावरचे झाकण आणि चाकाची खीळ दिसल्याखेरीज पैसा सुटू नये. जुन्या यंत्रांना झाकण बसवण्याचा खर्च दूध संघांनी उचलावा. कुट्टीने वाढलेले दूध त्यांच्याच टाकीत जाते. शेतीची वीज आलटून पालटून रात्री देण्याच्या पद्धतीमुळे मळ्यातल्या गोठ्यांत ओल्या जमिनीवर, मिणमिणत्या दिव्याखाली कुट्टी करावी लागते. वीजपुरवठ्याच्या वेळा हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे महावितरणला कोणीतरी सांगितले पाहिजे. अपघाताची योजना सातबाऱ्यापासून सोडवून कामाशी जोडली पाहिजे.

तोपर्यंत गोठ्यात निदान एवढे व्हावे: अडकलेली वैरण काढण्यापूर्वी आणि पात्याला धार लावण्यापूर्वी नुसते बटण बंद न करता पिन बाहेर ओढावी, चाक पुरते थांबू द्यावे, त्यात लाकडी दांडका अडकवावा. मोटारीला अर्थिंग असावे. पात्याचे बोल्ट दर खेपेस आवळून पाहावेत, कारण सुटलेले पाते समोर उभ्या असलेल्या माणसाकडेच झेपावते. बोट तुटलेच तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. ते जोडण्याची शस्त्रक्रिया तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होत नाही, नगर किंवा पुणे गाठावे लागते, आणि गाडीभाड्याची तजवीज होईपर्यंत पहिले मोलाचे तास निघून जातात. ज्या गावात दुधाची गाडी रोज दोन वेळा न चुकता येते, त्या गावात जखमीसाठी गाडी मिळवणे ग्रामपंचायतीला अशक्य नसावे.