मानपानाच्या कापडाचा आहेर थांबवण्याबाबत जाहीर आवाहन

साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, वास्तुशांती आणि अगदी दहाव्या-तेराव्यालाही पुरुषांना टॉवेल-टोपी आणि बायकांना साडी किंवा ब्लाउजपीस देण्याची रीत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत आहे. ही देवघेव दोन्ही बाजूंनी आपखुशीने थांबवावी, असे आवाहन सर्व कुटुंबांना, विशेषतः येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना, करण्यात येत आहे.

आहेराची मूळ सोय शहाणपणाची होती. लग्नाचा खर्च एका घरावर एकदम कोसळे. भावकीने आणि सोयऱ्यांनी धान्य, भांडी, कापड, रोख असे काही ना काही आणून तो भार वाटून घ्यायचा आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की त्याची फेड व्हायची. कापडही तेव्हा मोलाचे होते. टोपी डोक्यावर चढे, लुगडे विरेपर्यंत नेसले जाई आणि मग त्याची गोधडी किंवा बाळोती होत. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरात वापरून संपे. आता ती संपत नाही, नुसती फिरते.

कापडाच्या दुकानांत देण्याघेण्याच्या साड्यांचा ढीग वेगळाच असतो. ही साडी नेसली जाणार नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. घरी आली की ती आहेराच्या ट्रंकेत किंवा दिवाणाखालच्या कप्प्यात जाते. तिथल्या पिशव्यांवर बॉलपेनने नावे लिहिलेली असतात, कारण ज्याच्याकडून आले त्याच्याच घरी ते परत जायला नको. तरी चूक होतेच. टोपीच्या घडीत मागच्या कार्यातले कुंकू निघते, ब्लाउजपीसला आधीच्या देणाऱ्याची चिठ्ठी टाचलेली राहते आणि दोन घरांत अबोला सुरू होतो. टॉवेल बहुधा इतका विरळ असतो की त्याने पाणी टिपले जात नाही, नुसते अंगभर पसरते. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन असलेल्या राज्यात मान म्हणून हा टॉवेल दिला जावा, हे गमतीचेच. टोपीचे तर विचारायलाच नको. ती रोज घालणारी पिढी आता थकली आहे. शिवाय कोणाला काय आले, कोणाला काय गेले, कोणाची विहीण कशावरून रुसली, हा सगळा हिशेब डोक्यात बाळगण्याचे काम बहुतेक घरांत बायकांवर पडते. पैशापेक्षा हा जाच मोठा आहे.

मांडवातही या मानपानाचा त्रास होतो. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त छापलेला असतो आणि त्या वेळी माईकवरून पाहुण्यांची, पुढाऱ्यांची नावे पुकारली जात असतात. नवरा-नवरी ताटकळतात, जेवणाच्या पंगती उन्हात खोळंबतात आणि एखादे नाव राहिले तर तो पाहुणा न जेवता निघून जातो.

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नयेत’ ही ओळ छापण्याची पद्धत जुनी आहे. तिचा फारसा उपयोग झालेला नाही. त्या ओळीने येणारा आहेर अडतो, जाणारा मानपान अडत नाही. आणि एका बाजूने दिले की दुसऱ्या बाजूला गप्प बसवत नाही. म्हणून निर्णय पत्रिका छापताना नव्हे, याद्या होतात त्या बैठकीतच व्हावा. मानपान नाही, हे वरपक्षाने आपणहून बोलावे. मुलीच्या बापाने ते सुचवले तर त्याची ऐपत काढली जाते. त्याच कारणाने सुरुवात गावातल्या सधन घरांनी करणे योग्य; हातावर पोट असलेल्याने आहेर टाळला तर त्याला चिक्कू म्हणतात, बागायतदाराने टाळला तर तो पायंडा होतो.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी कमी खर्चाचा सत्यशोधक विवाह लावला गेला. कर्ज काढून लग्न-सण करू नका, हे गाडगेबाबा कीर्तनातून लोकांना सांगत राहिले. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानेही वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवायला सांगितले आहे. आपल्याकडे आहेराची वही काटेकोर लिहिली जाते, पण ती परतफेडीसाठी.

हे आवाहन आहे, फर्मान नाही. आहेर दिला म्हणून कोणाला दंड करणे किंवा त्याच्या कार्यावर बहिष्कार टाकणे गैर आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. जवळच्या नात्यातल्या, खरोखर वापरायच्या कपड्यांनाही हरकत नाही. मामाने भाचीला आवडीची साडी घ्यावी, नवरीच्या भावाला कानपिळीचे कपडे मिळावेत. ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी पाकीट द्यावे, आणि ते कार्याच्या आधी, मांडवाचे व आचाऱ्याचे पैसे भागवायचे असतात तेव्हा, घरी नेऊन द्यावे. दुखवट्याच्या घरी टोपी-टॉवेलाऐवजी शिधा किंवा दवाखान्याच्या बिलाला मदत पोहोचवावी.

ट्रंकेत आधीच साठलेले कापड पुढच्या कार्यात खपवू नये. त्यातले सुती आणि जाड कापड पिशव्यांसाठी, अस्तरासाठी शिवणकाम करणाऱ्या बायकांना द्यावे. नेसण्याजोग्या साड्या ज्यांना हव्या असतील त्यांना विचारून द्याव्यात, आणि पिशव्यांवरची जुनी नावे त्याआधी काढून टाकावीत.