वाटेत रुडकीला उतरा

मुनिरक्यातले आम्ही फौजी सुट्टी मिळाली की सहकुटुंब हरिद्वार गाठतो. रुडकी गाडीतूनच मागे पडते. माझं मत, मुलांना घेऊन तिथे उतराच. १८३७-३८ च्या दुष्काळानंतर गंगेचा कालवा काढायचं ठरलं (कंपनीला बुडालेल्या महसुलाचीही चिंता होतीच) आणि १८५४ मध्ये पाणी सुटलं. तो काढणारा कॉटली तोफखान्यातला अधिकारी! सोलानी नदीवर पूल बांधून त्यावरून अख्खा कालवा नेलाय. काठावर दगडी सिंह. लेकीने विचारलं, "बाबा, फौज फक्त लढतेच का?" मी खालची नदी आणि वरचा कालवा दाखवला. मुरादनगरहून दिल्लीला येणारं गंगेचं पाणी याच कालव्याचं. पोरांना मात्र पाण्यात उतरू देऊ नका, धार जबरदस्त ओढते.