ऑपरेशन फसले; दावा कशावर?

मणक्याचे ऑपरेशन होऊनही कंबर तशीच ठणकत राहिली, की वाशीम-रिसोडकडच्या घरांत दोन सल्ले ऐकू येतात. ‘डॉक्टरवर केस टाका’ हा एक आणि ‘त्यांच्याशी कोण भांडणार’ हा दुसरा. दोन्ही सल्ले ऑपरेशनच्या निकालाकडे पाहतात, आणि माझ्या मते चुकतात ते इथेच. सरकलेली गादी काढल्यावर पायात उतरणारी कळ बहुतेकदा कमी होते; जुनी कंबरदुखी मात्र जाईलच असे नाही. मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखणे मागे उरण्याचे प्रमाण वैद्यकीय लेखनात १० ते ४० टक्के दिलेले आढळते. म्हणजे सर्जनने काही चूक न करताही दुखणे राहू शकते. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयातील एका मुलाच्या पापणीच्या शस्त्रक्रियेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच धरले: प्रकृती सुधारली नाही, उलट बिघडली, एवढ्यावरून हलगर्जी सिद्ध होत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली भरपाई तिथे रद्द झाली. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी रुग्णाने स्वतःला विचारावे, की मला आधी काय सांगितले होते?

या प्रश्नाला कायद्याचा भक्कम आधार आहे. १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेतला मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचारादरम्यान दगावला. वडिलांनी डॉक्टरवर लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३,००० रुपयांची भरपाई तिथेही कायम राहिली. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या त्या निकालाने डॉक्टरला तीन ठिकाणी काळजी घ्यायला सांगितले: रुग्ण हाती घ्यावा का, उपचार कोणता द्यावा आणि तो कसा करावा. यातले पहिले दोन निर्णय सुरी हातात घेण्याआधीचे आहेत. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. उपचाराचा हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सांगितल्याशिवाय संमती खरी नाही, असे ठरले. आता आपल्याकडचा संमतीचा कागद पाहा. बहुतेकदा छापील, अनेकदा इंग्रजीत, तळाशी ‘मला माझ्या भाषेत समजावले आहे’ अशी ओळ आणि तिच्याखाली अंगठा. गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी यांवर आणखी काही महिने काढता आले असते का, याचा त्यावर उल्लेख नसेल तर प्रकरणाचा खरा कणा तिथे आहे.

अशाने डॉक्टर धास्तावतील, अवघड रुग्ण पुढे ढकलतील, हा आक्षेप हलका नाही. ज्या वाशीम जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयच २०२४ मध्ये आले, तिथे तर तो झोंबतो. पण इथे यशाची हमी कोणी मागत नाही. खरे सांगणे मागितले जाते आणि त्याची नोंद प्रामाणिक डॉक्टरलाच वाचवते. रुग्णाला काय कळते, हा दुसरा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. दुबार पेरणीचा धोका तोलणाऱ्या शेतकऱ्याला ‘काहींचे दुखणे जात नाही’ हे वाक्य नीट कळते. ऑपरेशनसाठी कर्ज काढायचे की नाही, हेही तो त्यावरूनच ठरवील.

घाई करायची ती कागदांची. केसपेपर, एमआरआय, ऑपरेशनची नोंद लेखी अर्ज करून मागावी. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार ही कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. मग त्यावर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे आणि ‘अजून सहा महिने बघू’ म्हणता म्हणता ती सरते. ऑपरेशन अकोल्यात किंवा नागपुरात झाले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे वाशीमलाच तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयातला रुग्ण मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून या दाराबाहेर आहे. त्याला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाता येते, पण तिथे भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी सहसा दिवाणी न्यायालयच गाठावे लागते. ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसा, त्याच्याच वाट्याला हा सर्वांत लांबचा रस्ता यावा, हे मला अन्यायाचे वाटते.