ताट रिकामे परतवू नये

दिवाळीच्या चार दिवसांत शेजारघरी फराळाचे ताट पाठविण्याची आणि आलेले ताट रिकामे न परतविण्याची जी रीत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यात लोकव्यवहाराचे जेवढे शहाणपण साठले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या आचारात आढळेल. ताटातला जिन्नस मौल्यवान असावा अशी अट या रीतीने कधीच घातली नाही. शंकरपाळ्यांचेच पाहा: वाटीभर दूध, वाटीभर साखर आणि वाटीभर तूप एकत्र तापवून साखर विरघळवावी, निवल्यावर त्यात मावेल तेवढा मैदा घालून घट्ट मळावा, तासभर झाकून ठेवावा, मग जाडसर लाटून कातण्याने चौकटी पाडाव्यात आणि मंद आचेवर तांबूस तळाव्यात. या साहित्यावर तालेवाराच्या घरची शंकरपाळी आणि कारकुनाच्या घरची शंकरपाळी सारखीच खुसखुशीत होते, तरीही ताटावरचा क्रोशाचा रुमाल बाजूला सारताच कोणाच्या हातचे काय आहे हे चाखणारा बरोबर ओळखतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, हा दस्तूर एका धर्माच्या सणापुरता कधी राहिला नाही. दिवाळीत गेलेल्या करंज्या-अनारशांची फेड रमजान ईदला शेवया, खारीक आणि चारोळी घातलेल्या शीरखुर्म्याने व्हावी, हे येथील जुन्या मोहल्ल्यांना आणि वाड्यांना सांगावे लागत नसे.

या ताटाबरोबरच आणखी एक वस्तू घरोघर फिरत असे, ती म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा रूढ केली; परंतु आमचे शहर ज्यात मोडत असे त्या निजामाच्या राज्यात, जेथे सरकारी दफ्तर उर्दूत चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई, तेथे मुंबई-पुण्याहून आलेल्या मराठी अंकाचे मोल काही निराळेच होते. एकाने घेतलेला अंक शेजारच्यांनी वाचायचा, आणि वाचण्याआधी सर्वांनी मुखपृष्ठ पाहायचे. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तिलाही त्या अंकात तिचा म्हणून एक वाटा मिळे, आणि तो देणारा माणूस चित्रकार होता. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्या सुमारास मराठी घरांत जी चित्रे सर्वाधिक प्रेमाने पाहिली जात होती त्यांत दीनानाथ दलालांच्या चित्रांचे स्थान फार वरचे होते.

दलालांचा जन्म ३० मे १९१६ रोजी मडगावचा. गोव्यातून मुंबईस येऊन त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले, स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. त्यांच्या योग्यतेच्या चित्रकाराला श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी तैलचित्रे रंगवीत आयुष्य सुखाने काढता आले असते. त्यांनी आपली प्रतिभा मासिकाच्या आणि पुस्तकाच्या पानाला वाहिली, आणि या निवडीबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी अपार आदर आहे. त्या काळचे छपाईकाम सोपे नव्हते. एका रंगीत मुखपृष्ठासाठी पिवळ्या, तांबड्या, निळ्या आणि काळ्या रंगांचे वेगवेगळे ठसे तयार करून ते एकावर एक उमटवावे लागत, आणि एखादा ठसा केसभर जरी सरकला तरी चेहऱ्याची रेषा दुणावून सारे चित्र फसे. ही मर्यादा ओळखून दलालांची रेषा ठाम झाली, रंग स्वच्छ झाले. त्यांच्या स्त्रीचित्रांतील मानेचा कल आणि अर्धोन्मीलित नेत्र पाहताना अजिंठ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मला त्या लेण्यांतील आकृतींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १५ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या ५४व्या वर्षी, हा कसबी हात थांबला.

आता प्रश्न असा की, इतकी वर्षे चित्रकारांकडून आपल्या घरी आलेले हे ताट आपण कसे परतविले? कादंबरीकाराची परीक्षणे होतात, कवीचे सत्कार होतात, आणि ज्याच्या चित्रामुळे ते पुस्तक वाचकाने प्रथम हाती धरले त्याचे नाव मुद्रकाच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत कोठेतरी आढळते. कधी तेही आढळत नाही. जुने अंक घरे बदलताना रद्दीच्या काट्यावर जातात आणि त्यांच्याबरोबर मुखपृष्ठेही जातात, ज्यांची दुसरी प्रत कदाचित कोठेच उरलेली नसते. आता तर चित्रकारालाच वगळून संगणकाकडून क्षणार्धात चित्र काढून घेण्याची सोय झाली आहे. ती स्वस्त आहे हे मान्य करूनही मी म्हणेन की, लेखकाची कथा वाचून, तिच्यातील माणसे मनाशी धरून काढलेल्या चित्राची जागा तिने घेऊ नये, कारण कथेचा पहिला वाचक तो चित्रकारच असतो.

चित्रकाराचे हे ताट परतविण्यासाठी फार मोठी तरतूद नको. दिवाळी अंकांच्या संपादकांनी अनुक्रमणिकेत लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, चित्रकाराचे नाव छापावे आणि त्याचा मेहनताना अंक बाजारात येण्यापूर्वी चुकता करावा. शहरातील ग्रंथालयांनी आपल्या कपाटांतील जुने अंक वेगळे काढून त्यांच्या मुखपृष्ठांचे जतन करावे आणि दिवाळीच्या सुमारास ती चार दिवस लोकांसाठी मांडावीत. येथील शासकीय कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना या कामी आनंदाने सहभागी होता येईल. आणि ज्यांच्या माळ्यावर असे अंक अजून बांधून ठेवलेले असतील त्यांना माझी विनंती आहे की, यंदाच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा जवळच्या ग्रंथालयात दाखवावेत.