वेबसाइट बनवताय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा

देवगडजवळ माझ्या मामाची कलमांची बाग आहे. मार्च २०२४ मध्ये, पहिली काढणी सुरू व्हायच्या आठवड्यात, त्याचा फोन आला. "अरे, आपली वेबसाइट खंय गेली?" मी मोबाइलवर पत्ता टाकून पाहिला. हापूसच्या फोटोऐवजी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात उघडली. तोच पत्ता छापलेल्या सहाशे पेट्या पडवीत रचून ठेवलेल्या होत्या.

झालं होतं ते असं. २०२१ मध्ये, लॉकडाऊनमुळे गिऱ्हाईक थेट बागेपर्यंत यायला लागलं तेव्हा, मामानं अठरा हजार रुपये देऊन एका छोट्या फर्मकडून वेबसाइट करून घेतली. फर्मनं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या खात्यातून घेतला. पुढे फर्म बंद पडली, फोन लागेना, नूतनीकरणाचे मेल कुणाच्या तरी न उघडलेल्या इनबॉक्समध्ये गेले आणि मुदत संपल्यावर तो पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतला. वेबसाइट कोणत्या सॉफ्टवेअरवर होती, ती छान दिसायची की नाही, याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

मी इंजिनीअर, त्यातून वर्तमानपत्राच्या डिजिटल डेस्कवर काम करतो. त्यामुळे घरगुती धंदा करणारे ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात : "शॉपिफाय घेऊ, विक्स घेऊ की वर्डप्रेस?" माझं मत असं, की हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न : पत्ता कुणाच्या नावावर? दुसरा : उद्या इथून निघायचं म्हटलं तर बरोबर काय नेता येईल?

पत्ता स्वतःच्या नावावर कसा ठेवायचा?

डोमेन आणि वेबसाइट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डोमेन ही दुकानाची पाटी. ती कोणत्याही जागेवर लावता येते, पण दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो ती काढून नेऊ शकतो. डॉट इन किंवा डॉट कॉम पत्ता साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाला मिळतो. तो कुणालाही पुढे न करता स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर, स्वतःच्या खात्यातून घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याला त्या खात्याचा पासवर्ड द्यायची गरज नसते. तो सांगेल त्या दोन-चार नोंदी 'डीएनएस' नावाच्या पानावर आपणच भरायच्या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

एक इशारा. पहिल्या वर्षाची किंमत मोठ्या अक्षरात असते, नूतनीकरणाची बारीक अक्षरात. ९९ रुपयांचा पत्ता दुसऱ्या वर्षी त्याच्या कित्येक पट होतो. होस्टिंगचंही तसंच. तुलना करायचीच असेल तर तीन वर्षांच्या एकूण खर्चाची करा.

'सगळं फुकट' देणाऱ्या सोयींबद्दलही हेच. ज्या मार्चमध्ये मामाचा फोन आला, त्याच महिन्यात गूगलनं 'बिझनेस प्रोफाइल'मधून बनवलेल्या मोफत वेबसाइट बंद केल्या. काही महिने तो जुना पत्ता गूगलवरच्या प्रोफाइलकडे वळत होता, १० जून २०२४ नंतर तेही थांबलं. ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडे जोडलं. ज्यांच्याकडे गूगलनं दिलेलाच पत्ता होता, त्यांच्या व्हिजिटिंग कार्डवरचा पत्ता निकामी झाला. केवळ इन्स्टाग्रामवर धंदा करणाऱ्यांनी २९ जून २०२० ची रात्र आठवावी. सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि टिकटॉकवर लाखो फॉलोअर्स असलेले गावोगावचे कलाकार सकाळी शून्यावर आले.

मग सॉफ्टवेअर कोणतं?

ढोबळपणे दोन जाती आहेत. एक भाड्याचं दुकान : शॉपिफाय, विक्स. महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरा. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट ही त्यांची डोकेदुखी. दुसरी जात स्वतः बांधलेल्या दुकानाची : वर्डप्रेस आणि त्यावर विक्रीसाठी वूकॉमर्स. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त, पण होस्टिंग तुमचं, राखणही तुमची.

वर्डप्रेस २००३ पासून आहे आणि जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक त्यावर चालतात. त्याचा मोठा गुण म्हणजे सगळ्या फाइल्स आणि डेटाबेस उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतात. (वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ओआरजी यांत गल्लत करू नका. पहिलं भाड्याचं, दुसरीकडे सॉफ्टवेअर उतरवून घेता येतं.) पण त्याचं वेड लागलेले माझे मित्र एक गोष्ट सांगत नाहीत. वर्डप्रेसची साइट बागेसारखी असते, महिन्यातून एकदा तरी बघावीच लागते. प्लगइन जुनी राहिली की त्यांतून घुसखोरी होते, आणि दोन प्लगइनचं आपसांत पटलं नाही तर ऐन विक्रीच्या दिवशी चेकआउटचं पान पांढरं पडतं. घरात किंवा गावात हे बघणारं कुणी नसेल, तर मोफत सॉफ्टवेअर सर्वांत महाग पडतं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही भांडणं असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली. त्या कंपनीच्या सर्व्हरवर असलेल्या साइट्सना काही काळ वर्डप्रेस डॉट ओआरजीवरून अपडेट मिळेनासे झाले, प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेलं. फरक इतकाच, की त्या साइट्सच्या मालकांना गाशा गुंडाळून दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी होती.

विक्समध्ये ती वाट नाही. त्यावर बनवलेली साइट त्यांच्याच सर्व्हरवर चालते, जशीच्या तशी उचलून बाहेर नेता येत नाही. शॉपिफायमधून मालाची आणि ग्राहकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढून घेता येते, दुकानाची सजावट मात्र तिथेच राहते. ग्राहकांची यादी हाती असेल तर सजावट गेल्याचं मला फारसं दुःख नाही. म्हणून विक्स आणि शॉपिफाय यांत निवडायचं झालं तर विक्रीच्या धंद्यासाठी मी शॉपिफायकडे झुकतो. पण त्याचा हिशेब भारतात जरा वेगळा पडतो.

दोन टक्के वर दोन टक्के

शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात उपलब्ध नाही. म्हणजे इथल्या विक्रेत्याला बाहेरचा पेमेंट गेटवे जोडावा लागतो. गेटवेचा नेहमीचा दर साधारण २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. शिवाय बाहेरचा गेटवे वापरल्याबद्दल शॉपिफायचं शुल्क वेगळं. बेसिक योजनेवर तेही २ टक्के.

मामाच्या आकड्यात सांगतो. पेटी सरासरी १,५०० रुपयांची धरू आणि हंगामात ४०० पेट्या वेबसाइटवरून गेल्या असं धरू. उलाढाल ६ लाख. गेटवेचे १४,१६० रुपये, शॉपिफायचे १२,०००. मासिक भाडं वेगळंच. एवढ्या पैशांत हंगामभर पेट्या भरायला एक माणूस ठेवता येतो, असं मामाचं म्हणणं. मला ते खोडता आलं नाही.

उलट बाजूला, बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर द्यावा लागत नाही. साध्या पानावर क्यूआर कोड ठेवून थेट पैसे घेतले तर कमिशन शून्य. पण तिथे प्रत्येक पेमेंट डोळ्यांनी तपासावं लागतं. खोट्या स्क्रीनशॉटवर माल सोडलेले दोघे जण मला माहीत आहेत. बँकेत रक्कम जमा झालेली दिसल्याशिवाय पेटी हलवायची नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगावा लागतो.

धंद्याची चाल आधी, चेकआउट नंतर

तयार दुकान-सॉफ्टवेअरनं काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. वस्तूची किंमत ठरलेली आहे, ती कपाटात आहे, कुरिअर रोज येतो, गिऱ्हाईक बाराही महिने येतं. हाताने विणलेल्या शाली, पुस्तकं, पितळी समया यांना हे चपखल बसतं. आंब्याला बसत नाही. पेटीत चार डझन बसतात की सहा, ते फळाच्या आकारावर. भाव दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. फळ अढीत किती दिवस आहे त्यावर ते कधी पाठवायचं ते ठरतं. माल कुरिअरनं जात नाही, मुंबई-पुण्याच्या रात्रीच्या बसनं किंवा टेम्पोनं जातो, तोही गाडी भरली की. 'आता खरेदी करा' हे बटण दाबून गिऱ्हाईक दुसऱ्या दिवसाची अपेक्षा करतं आणि तक्रार सुरू होते.

शिवाय धंदा अडीच-तीन महिन्यांचा, भाडं बारा महिन्यांचं. शॉपिफायमध्ये कमी पैशांत दुकान 'पॉझ' करायची सोय आहे, पण त्या काळात चेकआउट बंद राहतं आणि थोडं का होईना, भाडं चालूच राहतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : चार-पाच प्रकारचाच माल असेल, भाव हलता असेल आणि गिऱ्हाईक फोनवर बोलूनच घेत असेल, तर कार्ट, चेकआउट काहीही नको. स्वतःच्या डोमेनवर एक पान, त्यावर आजचा भाव, बागेचे खरे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. रोज दहा-वीस ऑर्डर नियमित यायला लागल्या, वहीत घोळ व्हायला लागले, की मग दुकान-सॉफ्टवेअर घ्या. तोवर गिऱ्हाईक काय विचारतं, कुठे अडतं, हेही कळलेलं असतं.

हल्ली एआयला सांगून असं पान तासाभरात होतं. जरूर करा. पत्ता मात्र एआय तुमच्या नावावर घेऊन देत नाही.

'संपूर्ण भारतात डिलिव्हरी' लिहिण्याआधी

सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय बऱ्याचदा आधीच निवडलेला असतो. एक टिक, पण तिच्यामागे कायदा आहे. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. पण पल्प, लोणचं, आंबापोळी असा करपात्र माल परराज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात काही सवलत आहे. खाद्यपदार्थांना एफएसएसएआयची नोंदणी हवी. दुकान लावण्याआधी सीएला एक फोन केलेला बरा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. लहान दुकानात हा अधिकारी म्हणजे बहुतेक वेळा आपण स्वतः किंवा बायको. परतावा आणि रद्द करण्याच्या धोरणाचं पान नसेल तर गेटवेवालेही अर्ज अडवतात. हे पान दुसऱ्याच्या साइटवरून चिकटवू नका. 'सात दिवसांत परत घेऊ' हे वाक्य कपड्यांच्या दुकानाचं असतं. पिकलेल्या हापूसला ते लावलं तर काय होईल, सांगायला नको.

मराठी मजकुराचं काय?

मराठीत दुकान चालवायचं असेल तर युनिकोडमध्ये टाइप करा. प्रिंटिंग प्रेसमधून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर साइटवर चिकटवला की अक्षरांची खिचडी होते. फॉन्टसाठी एक टाइपनं केलेला 'मुक्त' मोफत मिळतो आणि छोट्या स्क्रीनवर नीट वाचता येतो. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे. कोणतीही थीम घेतली तरी एखादं बटण इंग्रजीत राहतंच; स्वतःच्या मोबाइलवरून एक खोटी ऑर्डर शेवटपर्यंत टाकून पाहा, म्हणजे सापडेल.

आणि फोटो. मोबाइलनं काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की तो फुकट तपासता येतो. फोटो दोनशे केबीपर्यंत आणला तरी हापूस केशरीच दिसतो.

मामाच्या सहाशे पेट्यांवर शेवटी नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवले. मामी, शेजारची दोन मुलं आणि मी, दोन रात्री बसलो होतो. नवीन डोमेन मामाच्या नावावर आहे, साइट एका पानाची आहे आणि मामी रोज सकाळी मोबाइलवरून भाव बदलते. नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेननं लिहिलेली आहे. यंदा मामाला कार्डानं पैसे घ्यायचे आहेत, कारण परदेशातली पोरं पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतात आणि त्यांच्याकडे यूपीआय नसतं. तेवढ्यासाठी एक गेटवे जोडायचं आमचं चाललंय. २.३६ टक्क्यांवर अजून बोलणी सुरू आहेत, गेटवेशी नव्हे, मामाशी.