धूर पाण्यात गेला, पुढे काय?

विद्यार्थी मित्रांनो, भोसरी, सातपूर किंवा शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतीतून जाताना एखाद्या कारखान्याच्या उघड्या दारातून डोळे दिपवणारा निळसर प्रकाश दिसतो, कर्कश आवाज येतो आणि तपकिरी धूर रस्त्यावर येतो. आत पोलादी पत्रा कापण्याचे किंवा जोडण्याचे काम चाललेले असते. पत्रा कापण्याची एक रीत म्हणजे प्लाझ्मा-कर्तन. या यंत्राखाली पाण्याचा हौद ठेवावा काय आणि ठेवल्यास तो कसा असावा, हा प्रश्न वरवर पाहता कारखानदाराचा वाटेल. माझ्या मते तो तुमचाही आहे.

प्रथम प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहू. वायूला पुरेशी ऊर्जा दिली की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू विद्युत्‌वाहक बनतो. अशा आयनीभूत वायूला अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. विजेची ज्योत बारीक छिद्रातून दाबून काढण्याच्या युक्तीचे पेटंट रॉबर्ट गेज यांना १९५७ मध्ये अमेरिकेत मिळाले. या झोताचे तपमान २०,००० अंश सें.च्या घरात जाते. गॅस-कटरने साधे पोलाद कापता येते, कारण तप्त लोखंड ऑक्सिजनमध्ये जळते. ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांना वितळते आणि त्याच्यावरील ऑक्साइडचा थर २,००० अंशांपर्यंतही वितळत नाही; म्हणून तेथे गॅस-कटरची मात्रा चालत नाही. प्लाझ्मा धातूला जाळत बसत नाही. तो त्याला वितळवतो आणि फुंकून टाकतो.

आता खरा प्रश्न असा, की फुंकून टाकलेला धातू जातो कुठे? १० मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात २ मिलिमीटर रुंद आणि १ मीटर लांब काप घेतला, तर २० घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे १५७ ग्रॅम पोलाद पत्र्यातून नाहीसे होते. ‘नाहीसे होते’ हा शब्द तुमच्या शिक्षकांना आवडणार नाही, आणि ते योग्यच आहे. वस्तुमान अक्षय्य असते. त्यातील बराचसा भाग लोहमळ होऊन खाली पडतो. थोडा भाग वाफ होऊन पुन्हा गोठतो आणि मायक्रॉनहूनही बारीक कणांच्या रूपाने हवेत तरंगतो. हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असते. कापताना त्याचा काही अंश षट्संयुजी क्रोमियम बनतो, आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. यंत्राजवळ दिवसाचे आठ तास उभ्या असलेल्या कामगाराच्या दृष्टीने हा पाठ्यपुस्तकातला तपशील नव्हे.

यावर पाण्याचा हौद हा एक चांगला उपाय आहे. अडीच मीटर लांब व सव्वा मीटर रुंद असा पोलादी हौद करायचा, त्यात उभ्या पट्ट्या बसवायच्या आणि त्यांवर पत्रा ठेवायचा. पाणी पंधरा सेंटिमीटर भरले तर ते सुमारे ४७० लिटर होते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ४७० किलोग्रॅम! टेबलाचे पाय किती भक्कम हवेत हे यावरूनच ठरते. एक किलोग्रॅम वितळलेले लोखंड या पाण्यात पडून थंड झाले, तरी सगळ्या पाण्याचे तपमान एक अंशानेसुद्धा वाढत नाही. पाण्याच्या विशिष्ट उष्म्याचा हा प्रताप. पत्रा कमी वाकतो आणि बरीचशी धूळ पाण्यात अडकते.

याहून सुधारलेल्या प्रकारात हौद खोल करून तळाशी एक उपडी पेटी बसवतात. तिच्यात हवा भरली की पेटीतले पाणी बाहेर सारले जाते आणि हौदातील पातळी चढते. हवा सोडली की उतरते. वरील हौदात पातळी दहा सेंटिमीटर चढवण्यास सुमारे ३१२ लिटर हवा पुरते. दाब तर सायकलच्या चाकातील दाबापेक्षाही पुष्कळ कमी लागतो. पत्रा ठेवताना पाणी खाली, कापताना पत्र्याला टेकलेले. आर्किमिडीजला ही युक्ती पाहून आनंद झाला असता.

येथवर सगळे छान आहे. पण ‘पाणी ठेवले, काम झाले’ हे मला मान्य नाही. ॲल्युमिनियम कापताना पडणारे ताजे, बारीक कण पाण्याशी संयोग पावतात आणि हायड्रोजन सुटतो. दहा ग्रॅम ॲल्युमिनियमपासून सुमारे तेरा लिटर हायड्रोजन मिळू शकतो. तो पत्र्याखाली साचला आणि वरून प्लाझ्माचा झोत आला, तर स्फोट होतो. लोखंड गंजू नये म्हणून पाणी अतिशय अल्कधर्मी केले, तर ॲल्युमिनियमवरील संरक्षक थर विरघळून धोका उलट वाढतो. म्हणून तळाशी भोके पाडलेली नळी टाकून हवेचे बुडबुडे सोडणे, गाळ वरचेवर काढणे आणि धातूनुसार काम वेगळे करणे आवश्यक असते. शिवाय नायट्रिक ऑक्साइडसारखे वायू पाण्यात फारसे विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी हवा खेचणारा पंखा लागतोच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तळाचा गाळ. हवेतली धातूची धूळ आता पाण्यात आहे. महिन्याच्या शेवटी ते पाणी मागच्या नाल्यात सोडले, तर आपण काय साधले? कामगाराच्या छातीतला धोका शेजारच्या विहिरीपर्यंत नेऊन ठेवला, एवढेच. म्हणून टेबल चांगले की वाईट हे कापाच्या गुळगुळीतपणावरून ठरवू नये, गाळाचा हिशोब पाहून ठरवावे. तळाला उतार द्यावा, गाळ एका कोपऱ्यात जमवावा, पाणी निवळून पुन्हा वापरावे आणि उरलेला गाळ सुकवून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावा. तळोजा व रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेत.

लहान कारखानदार म्हणतील, ‘हे आम्हाला परवडणार कसे? दार उघडे ठेवले की धूर जातोच!’ त्यांची अडचण खोटी नाही. परंतु दाराकडे जाणारा धूर आधी यंत्र चालवणाऱ्याच्या नाकावरून जातो. आणि तळाला उतार देणे, एक झडप बसवणे, हे पत्रा कापणाऱ्या माणसाला अवघड काम नव्हे. खर्च मुख्यतः गाळ पाठवण्याचा आहे. तो एकेकट्याने करण्याऐवजी वसाहतीतील दहाजणांनी मिळून केला, तर भार हलका होईल.

शिक्षकांना एक विनंती आहे. पाण्याच्या टबात उपडा पेला धरून रबरी नळीने त्यात हवा फुंका आणि टबातील पातळी खुणेच्या वर चढलेली वर्गाला दाखवा. प्रयोग सोपा आणि निर्धोक आहे. त्यानंतर मुलांना विचारा : पाण्यात अडकलेली धूळ शेवटी कुठे गेली?

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी कारखाना काढेल. यंत्राचा आराखडा करताना काय तयार होते याबरोबर काय उरते हेही कागदावर मांडा. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम परीक्षेपुरता नाही. तो नाल्यालाही लागू आहे.