सातबारा पाहता, मग कंपनीचा उतारा का नाही?



एक एकर जमीन घ्यायची म्हटली तर आपला माणूस काय करतो? आधी सातबारा काढतो. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का, बँकेचा आहे का, कुणा बहिणीचे नाव राहून गेले आहे का, ते पाहतो. फेरफार वाचून घेतो. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला विचारतो. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो आणि मगच इसार देतो. हाच माणूस चार लाखांची अद्रक एखाद्या कंपनीच्या ट्रकमध्ये भरून देतो तेव्हा काय पाहतो? गुळगुळीत कागदावर छापलेले कार्ड पाहतो, मोटार पाहतो आणि 'प्रायव्हेट लिमिटेड' ही अक्षरे पाहतो.

या शेवटच्या शब्दाचा अर्थ तरी आपण कुणाला विचारला आहे का? लिमिटेड म्हणजे मर्यादित. मर्यादित काय, तर मालकाची जबाबदारी. कंपनी बुडाली तर भागधारकाचे बुडते ते त्याने भागांत घातलेले पैसे. त्याचे घर, त्याची मोटार, त्याची जमीन सहसा सुटते. सोसायटीचे कर्ज थकले तर आपल्या सातबाऱ्यावर बोजा असतोच. त्यांच्यासाठी मात्र कायद्याने मध्ये भिंत उभी केली आहे. जगभर व्यापार याच रीतीने वाढला आणि या रीतीशी आमचे भांडण नाही. पण भिंतीपलीकडे काय आहे ते न पाहता माल टाकायचा नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अद्रक उत्पादकांनी आमच्या एका बैठकीत मांडलेले प्रकरण सांगतो. एका कंपनीने जागेवर सौदे केले. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले. गावात नाव झाले. मग उरलेल्या साऱ्या मालाला पुढच्या तारखांचे धनादेश दिले. ते एकामागून एक परत आले. कलम १३८ च्या नोटिसा पाठवल्या, त्या 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन आल्या. मग वकीलसाहेबांनी कंपनीचे कागद काढले. वसूल भांडवल एक लाख रुपये. दोन वर्षांचा ताळेबंद दाखल नाही. ज्या बड्या माणसाच्या नावावर गावाने विश्वास टाकला, त्याने खरेदी सुरू होण्याआधीच संचालकपद सोडलेले. यंत्रांवर बँकेचा बोजा. वकीलसाहेबांनी कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हे सारे सौद्याच्या दिवशीही इथेच होते."

त्यांचे हे वाक्य आम्हाला विसरता येत नाही. चूक त्यांची नव्हती. आपण त्यांच्याकडे गेलो तेच धनादेश परत आल्यावर.

आपल्या शहरात १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. तालुक्या-तालुक्याला न्यायालये आहेत, हुशार वकील आहेत, त्यांतले कितीतरी शेतकऱ्यांचीच पोरे आहेत. पण आपण वकिलाला ओळखतो ते भांडणापुरते. भांडण होऊ नये म्हणून त्याच्याकडे जायचे आपल्याला ठाऊकच नाही. आणि खरे बोलायचे तर, वकील मंडळींनाही जमिनीच्या शोधाचा जेवढा सराव आहे तेवढा कंपनीच्या शोधाचा नाही.

पूर्वी याला कारण होते. कंपनीची फाईल पाहायची तर मुंबईला जायचे, मरीन ड्राइव्हवरच्या एव्हरेस्ट इमारतीत कंपनी निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालायचे. गाडीभाडे आणि मुक्काम धरून तो खर्च अद्रकीच्या पट्टीत बसणारा नव्हता. २००६ साली केंद्राच्या कंपनी खात्याने हे दप्तर संगणकावर आणले. आज कन्नडला बसलेला वकीलही ते पाहू शकतो. कंपनी कायदा २०१३, कलम ३९९ प्रमाणे निबंधकाकडे दाखल झालेले कागद शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. एका कंपनीचे कागद पाहण्याचे शुल्क १०० रुपये आहे. मूळ माहिती आणि बोजांची यादी तर फुकट दिसते. १०० रुपयांत आज कीटकनाशकाची एक बाटली येत नाही.

आता या उताऱ्यात काय वाचायचे ते सांगतो.

पहिला, गट क्रमांक. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा एक ओळखक्रमांक असतो. कंपनीने आपले नाव, नोंदणीकृत पत्ता आणि हा क्रमांक पत्रांवर आणि बिलांवर छापलाच पाहिजे, असे कलम १२ सांगते. ज्याच्या बिलावर तो नाही, त्याला तिथेच थांबवा. त्या क्रमांकातच कंपनी कोणत्या राज्यात आणि कोणत्या साली नोंदली ते लिहिलेले असते. 'पंचवीस वर्षांची परंपरा' सांगणारी कंपनी दोन वर्षांची निघाली तर ते तिथेच कळते.

दुसरा, क्षेत्र. कंपनीचे भांडवल दोन तऱ्हेने लिहितात. अधिकृत भांडवल म्हणजे किती गोळा करण्याची परवानगी आहे तो आकडा. वसूल भांडवल म्हणजे खरोखर किती आले तो आकडा. एजंट पहिला आकडा सांगतो, वकिलाने दुसरा पाहावा. २०१५ पासून खासगी कंपनीला किमान एक लाखाच्या भांडवलाचीही अट राहिलेली नाही. दहा हजारांची कंपनीही कायदेशीरच असते.

तिसरा, फेरफार. संचालक कोण, कधी आले, कधी गेले. प्रत्येक संचालकालाही क्रमांक असतो आणि त्यावरून तो आणखी कोणत्या कंपन्यांत आहे ते कळते. आधीच्या दोन कंपन्या बुडवून तिसरी काढणारा असा सापडतो. याला न्यायालयातही महत्त्व आहे. धनादेशाच्या खटल्यात कलम १४१ खाली, गुन्हा घडला त्या वेळी कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती होता ते जबाबदार धरले जातात. आधीच राजीनामा दिलेल्याला आरोपी करून वर्षे घालवण्यात अर्थ नाही. आणि खुद्द कंपनीलाही आरोपी करावेच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली अनिता हाडा प्रकरणात स्पष्ट केले आहे. कंपनीचे नाव एका अक्षराने चुकले तरी समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

चौथा, इतर हक्क. कंपनीने कोणत्या बँकेकडे काय गहाण टाकले, याची नोंद निबंधकाकडे करावी लागते. हा कागद सर्वांत महत्त्वाचा. उद्या कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या संहितेप्रमाणे रांग लागते. तारण असलेली बँक आणि कामगारांचे थकलेले वेतन पुढे, आपली अद्रक, आपला मका, आपला कापूस मागे. रांगेत आपल्या पुढे कोण किती कोटी घेऊन उभा आहे, हे माल देण्याआधी कळायला हवे.

पाचवा, पीकपेरा. म्हणजे ताळेबंद आणि वार्षिक विवरण. विक्री किती, देणी किती, लेखापरीक्षकाने काय शेरा मारला, भाग कुणाच्या नावावर आहेत. हे कागद दाखलच केले नसतील, तर तेही एक उत्तरच आहे.

एवढ्यावर थांबू नये. जिल्हा न्यायालयात आणि खंडपीठात त्या कंपनीच्या नावाने कोणते दावे चालू आहेत ते पाहावे. कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे दिवाळखोरीचा अर्ज आहे का ते पाहावे. तिचा वस्तू-सेवा कराचा क्रमांक चालू आहे की रद्द, ते पाहावे. मग कागद मिटून बाहेर पडावे. ताळेबंद वर्ष-दीड वर्ष जुना असतो आणि कंपनीने स्वतः लिहून दिलेला असतो. सरकार त्याची हमी घेत नाही. म्हणून ज्या गाळ्यात ती बसते त्याच्या मालकाला भाडे वेळेवर मिळते का, गाडीवाल्याचे भाडे थकले आहे का, मागच्या हंगामात शेजारच्या तालुक्यात पट्टी किती दिवसांनी दिली, हे विचारावे. बांधाचा शेजारी इथेही लागतोच.

कोणी म्हणेल, कंपनी सरकारदरबारी नोंदलेली आहे, मग भीती कसली? ही समजूत फार महाग पडली आहे. १९९० च्या दशकात सागवानाच्या कंपन्यांनी झाडे दाखवून पैसे गोळा केले. त्या बुडाल्यावर १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणले. तरीही पीएसीएल कंपनी शेतजमिनीच्या नावावर देशभर पैसे गोळा करत राहिली. २०१४ साली सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. शेळ्या-गाईंच्या नावावर ठेवी घेणारी पुण्याची समृद्ध जीवन आपल्याला ठाऊक आहे. २०१९ साली इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात गुन्हे दाखल झाले, तेव्हाही पैसे घेणारी कंपनी नोंदलेलीच होती. नोंदणी म्हणजे जन्मदाखला, वर्तणुकीचा दाखला नव्हे. लोकांकडून अशा रीतीने पैसे घेण्याची सेबीची परवानगी आहे का, हा वेगळा प्रश्न होता आणि तो वेळेवर विचारणारा वकील गावात कुणी बसवला नव्हता.

आता आपल्या जिल्ह्यातले उदाहरण. कन्नड सहकारी साखर कारखाना कर्जापोटी राज्य सहकारी बँकेने २००९ साली ताब्यात घेतला आणि २०१२ साली लिलावात काढला. बारामती अ‍ॅग्रो कंपनीने तो ५० कोटी २० लाखांना घेतला. मार्च २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कारखान्याची १६१ एकर जमीन आणि यंत्रे जप्त केली. लिलावातल्या दुसऱ्या एका बोलीदाराचा खरेदीदाराशी जवळचा व्यावसायिक संबंध होता, असा त्या खात्याचा आरोप आहे. कंपनीने तो फेटाळला आहे. खरे-खोटे न्यायालय ठरवील, आम्ही निवाडा देत नाही. पण ज्यांच्या ऊसकपातीतून कारखाना उभा राहिला, त्या सभासदांनी लिलावाच्या दिवशी विचारायचा प्रश्न बारा वर्षांनी दिल्लीच्या खात्याने विचारावा, याची खंत वाटते. बोली लावणारे कोण, त्यांचे संचालक कोण, त्यांचे आपसात देणे-घेणे काय? ही चौकशी करण्याची पहिली गरज आणि पहिला हक्क सभासदांचा होता.

अशी प्रकरणे झाली की मागणी येते: सरकारने कंपन्यांवर बंदी घालावी, परवाना लावावा, निरीक्षक नेमावा. आम्ही त्या बाजूचे नाही. परवाना आला की परवाना देणारा साहेब येतो आणि त्याचा वाटा आपल्याच पट्टीतून जातो. गिऱ्हाईक वाढले तरच भाव मिळतो, म्हणून कंपन्या आल्याच पाहिजेत. बाजार खुला हवा, तशी वहीही खुली हवी. वही कायद्याने खुली आहे. ती उघडण्याचे काम आपले आहे, ते सरकारवर ढकलता येणार नाही.

आणि एक कडू घोट. २००२ च्या कायदा-दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादक कंपन्या काढता येऊ लागल्या. आपल्या जिल्ह्यातही त्या निघाल्या. त्यांचे उतारे आपण पाहिले आहेत का? अनुदान येईपर्यंत सभा, त्यानंतर फलकाला गंज, ही गत काहींची आहे. सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा विवरण भरले नाही तर कायद्याने संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. सही कुठे केली हे आठवत नसलेले आपलेच भाऊ त्यात सापडतात. परक्याचा उतारा काढायचा आणि आपला झाकायचा, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. प्रत्येक तालुक्याने दोन वकील निवडावेत, शक्य तर एक तरुण, आणि कंपनीच्या कागदांचा शोध कसा घ्यायचा याचा सराव त्यांनी एकत्र बसून करावा. त्यांचे रास्त शुल्क सौदा करणाऱ्या गावाने वाटून द्यावे, फुकटचे काम मागू नये. घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचेही दाम द्यावेत. दुसरी गोष्ट, कोणत्याही कंपनीला गावाने उधारीवर माल देण्यापूर्वी वकिलाचा एक पानी अहवाल चावडीवर मोठ्याने वाचला जावा. तिसरी, पहिले अहवाल आपल्या स्वतःच्या उत्पादक कंपन्यांचे असावेत.

अहवाल वाईट आला तर माल देऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. तो निर्णय ज्याचा माल त्याचा. रोख घ्या, आगाऊ घ्या, बँकेची हमी मागा, नाहीतर जोखीम समजून द्या. पण डोळे उघडे ठेवून द्या. यंदाची अद्रक निघायला अजून अवकाश आहे. तोवर हे काम उरकता येईल.